तेवढं शुद्ध करून द्या

दसरा उलटला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत एक बातमी ठरलेली असते. अमुक सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ. आधी बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकण्याचा कार्यक्रम. फोटोत अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक, एखादे महाराज आणि कडेला आमदारांचे चिरंजीव. सगळ्यांचे हात उसाच्या एकाच मोळीला लागलेले. खाली नावं, डावीकडून उजवीकडे. यंदाच्या गाळपाचं उद्दिष्ट, गेल्या हंगामातला साखरेचा उतारा, सभासदांना पहिला हप्ता किती मिळणार, सगळं व्यवस्थित दिलेलं.

ती मोळी कोणीतरी पहाटेच्या गारठ्यात फडात बांधलेली असते. पाचट सोलून, वाढ्याचा पीळ घालून, डोक्यावर घेऊन, उभ्या लावलेल्या फळीवरून ट्रकवर चढवलेली असते. चढवणारी बहुतेक वेळा बाईच. तिचं नाव बातमीत नसतं. ते कोणी खोडलेलं नसतं, कारण ते कोणी लिहिलेलंच नसतं. वार्ताहराला ते सुचत नाही, छायाचित्रकाराला सुचत नाही, डेस्कवरच्या उपसंपादकाला सुचत नाही, आणि मोळी बांधणारीलाही वाटत नाही की आपण त्या फोटोत असायला हवं होतं. या चौघांना एकाच वेळी एकच गोष्ट न सुचण्यामागे काय आहे, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे.

त्या बातमीत खोटं काही नाही. उद्दिष्ट खरं, उतारा खरा, नावं खरी. सत्ता टिकवायला सतत खोटं बोलावं लागतं अशी आपली समजूत असते. माझा अनुभव असा की फार थोड्या वेळा लागतं. बातमी कशाला म्हणायचं, कोणाचं बोलणं मराठी आणि कोणाचं गावठी, कोण सांगणारा आणि कोणाविषयी सांगायचं, एवढं एकदा ठरून गेलं की पुढचं आपोआप चालतं. सगळे प्रामाणिकपणे आपापलं काम करतात आणि तरीही दर वर्षी तोच फोटो छापून येतो.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. आधी एका दैनिकात होते, आता प्रकाशकांची पुस्तकं तपासते. छापण्याआधीचा मजकूर माझ्या हातात येतो, म्हणून लोकांपर्यंत पोचताना त्यात काय बदलतं ते मला रोज दिसतं. या लेखात जे लिहिते आहे ते बरंचसं त्या टेबलावरून दिसलेलं आहे. पण त्याची मुळं फार मागे जातात, म्हणून आधी थोडं मागे जाते.

३१ जानेवारी १९२० ला मुंबईतून ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. हे पाक्षिक निघतं आहे हे लोकांना कळावं म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली गेली. रीतसर पैसे मोजून छापायची जाहिरात. ‘केसरी’नं ती छापायला नकार दिला.

हा प्रसंग आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो, आणि सांगताना बहुधा एका व्यक्तीला किंवा एका जातीला दूषण देऊन संपवला जातो. मला तो त्याहून गंभीर वाटतो. हेच ते वर्तमानपत्र, ज्याच्या संपादकानं लेखांपायी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढली होती. राजद्रोहाच्या खटल्याला न भिणारं पत्र एका जाहिरातीपाशी थांबलं. इंग्रज सरकारविरुद्ध बोलायचं धैर्य आणि आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसाला बोलायला जागा न देणं, या दोन्ही गोष्टी एकाच छापखान्यात सुखानं नांदत होत्या. त्यात कोणाला विसंगती दिसली नाही. दिसली असती तर कदाचित जाहिरात छापली गेली असती.

‘मूकनायक’च्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांविषयी स्पष्ट लिहिलं आहे. यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, असं त्यांचं म्हणणं. आणि अंकाच्या माथ्यावर तुकोबा: ‘काय करूं आतां धरूनियां भीड। निःशंक हें तोंड वाजविलें॥’ ज्यांना आपली जागा आयती मिळालेली असते त्यांना ‘भीड’ सोडायची गरज पडत नाही. त्यांचं बोलणं भिडेनंच चालतं आणि सभ्य वाटतं. ज्यांना जागा नाही त्यांना पहिलं वाक्यच मोठ्यानं उच्चारावं लागतं, आणि मग हे लोक फार आरडाओरडा करतात असं म्हणायला सभ्य माणसं मोकळी होतात. आजही टीव्हीवरच्या चर्चेत हे रोज पाहायला मिळतं.

आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो, कारण १८३२ मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. योग्यच आहे. बाळशास्त्रींचं काम मोठं होतं. पण पत्रकार संघांच्या त्या दिवसाच्या भाषणांत सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधु’ किती वेळा येतो? मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशकं चालवलेला ‘दीनमित्र’ येतो का? मी अशा पुष्कळ सभांना बसले आहे. तिथे ही नावं काढणारा माणूस जवळपास नेहमी त्या चळवळीच्या बाजूचा असतो आणि त्याला बोलायला शेवटची पाच मिनिटं मिळतात.

आता भाषेकडे येते, कारण माझा खरा संबंध तिच्याशी.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी जो बांधेसूदपणा दिला तो मी नाकारणार नाही. माझ्यासारखीचं पोट त्या परंपरेवर भरतं. याच मालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची हजेरी घेतली. ती घेताना फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची, शब्दांच्या रूपांची खिल्ली उडवली. फुले विचारत होते की शेतकऱ्यानं भरलेल्या सारा-पट्टीतून चालणाऱ्या शाळा-कॉलेजांचा लाभ नेमका कोणाला मिळतो. उत्तरादाखल त्यांना सांगण्यात आलं की तुमची मराठी नीट नाही. प्रश्नाला हात न लावता प्रश्न विचारणाऱ्याला बाद करायची ही युक्ती तेव्हापासून इतक्या वेळा वापरली गेली आहे की ती युक्ती आहे हेही आता कोणाच्या ध्यानात येत नाही. समाजमाध्यमावर एखाद्या मुलानं गावातल्या अन्यायाविषयी पोटतिडकीनं चार ओळी लिहाव्यात आणि खाली पहिली प्रतिक्रिया ऱ्हस्व-दीर्घाबद्दल यावी, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

याच फुल्यांच्या खटपटीनं कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, चिपळूणकरांचे सहकारी टिळक-आगरकर यांच्या जामिनाची सोय झाली होती. १८८२ मध्ये फुल्यांचे सहकारी रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ‘निबंधमाले’तली टवाळी त्याआधीच छापून झाली होती. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकार सभा भरली तेव्हा मात्र न्यायमूर्ती रानड्यांचं निमंत्रण फुल्यांनी नाकारलं. ज्यांच्या ग्रंथांत सगळ्या माणसांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचं काय काम, असा त्या पत्राचा रोख होता. जामिनासाठी धावून जाणारा माणूस सभेला मात्र गेला नाही, कारण जामीन माणसांना हवा होता आणि सभा कोणाचं लेखन हे साहित्य, ते ठरवायला भरली होती.

आणि त्याच्याही तीस वर्षं आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’नं. आपल्या भाषेतला इतका धारदार मजकूर, तोही एका मुलीनं लिहिलेला, आणि त्याला जागा मिळाली ती परक्यांच्या पत्रात. माझ्या शालेय पुस्तकांत तो निबंध कधी आला नाही. मराठीची पदवी घेतली तरी त्याचं नाव कानावर पडलं नाही.

अंतोनियो ग्राम्शी हा इटलीतला विचारवंत मुसोलिनीच्या तुरुंगात असताना वह्यांमागून वह्या लिहीत होता. १९२६ मध्ये त्याला पकडलं, १९३७ मध्ये तो गेला. वर्चस्व फक्त पोलीस आणि तुरुंगावर चालत नाही, खालच्यांची संमती मिळवून चालतं आणि ती संमती शाळा, चर्च, वर्तमानपत्रं घडवतात, हा त्याचा विचार मराठीत ‘धुरीणत्व’ या नावानं पुष्कळ मांडला गेला आहे. कमी बोललं जातं ते याबद्दल, की हा माणूस तूरिनच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकला होता आणि तुरुंगातल्या त्याच्या अखेरच्या वह्यांपैकी एक व्याकरणाविषयी आहे. तो सार्डिनिया बेटावरचा. तिथली बोली मुख्य भूमीवरच्या प्रमाण इटालियनपेक्षा फार वेगळी. त्यानं लिहिलं आहे त्याचा आशय असा, की भाषेचा प्रश्न जेव्हा जेव्हा वर येतो तेव्हा त्याच्या आडून दुसरे प्रश्न वर येत असतात: राज्य करणारा वर्ग घडतो आहे, रुंदावतो आहे, सामान्य लोकांशी आपलं नातं नव्यानं जुळवतो आहे. एक प्रूफरीडर म्हणून मला हे वाचून कोणीतरी माझ्या टेबलावरचा कागद उचलून वाचल्यासारखं वाटलं.

कारण माझ्या टेबलावर असतात ते मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम. १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर, असे एकूण अठरा. अनुच्चारित अनुस्वार काढून टाकून त्यांनी मराठी लिहिणं खूप सोपं केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. एका राज्याला, त्याच्या शाळांना, कचेऱ्यांना, न्यायालयांना एक समान लेखी भाषा हवी, यात मला शंका नाही. माझी तक्रार नियमांबद्दल नाहीच. नियम लेखनाचा असतो आणि आपण तो माणसाला लावतो, ही माझी तक्रार आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात तेव्हा लेखनाचा संबंध संपलेला असतो. त्या एका ‘न’वरून त्याचं गाव, त्याची जात, त्याच्या आईचा व्यवसाय सगळं ओळखलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्यात लाखो माणसं तसंच बोलतात, पण त्यांच्या बोलण्याला ‘प्रमाद’ म्हणण्याचा अधिकार त्यांनी कोणाला दिला नव्हता.

मराठी ग्रामीण कथा-कादंबऱ्यांचा एक जुना रिवाज आहे. पात्रं बोलीत बोलतात आणि निवेदक प्रमाण मराठीत सांगतो. पाटील, रामोशी, म्हातारी, सगळे ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणतात. त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मात्र पुण्याच्या मराठीत सांगितलं जातं. म्हणजे बोलायला ते, विचार करायला आम्ही. १९७०-८० च्या दशकांत दलित आत्मकथनांनी या रिवाजाला मोठा धक्का दिला, तरी तो गेलेला नाही. टीव्ही मालिका पाहा: घरकाम करणारी बाई, वॉचमन, गावाकडचा मामा यांची बोली विनोदासाठी. नायिका झोपडीत जन्मलेली दाखवली तरी तिसऱ्या भागापर्यंत तिची मराठी स्वच्छ झालेली असते.

गेल्या वर्षी एका प्रकाशकानं माझ्याकडे एक हस्तलिखित पाठवलं. बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरातल्या एका बाईंचं आत्मकथन. लग्नानंतर अनेक हंगाम त्यांनी नवऱ्याबरोबर ऊसतोड केली. शिक्षण सातवीपर्यंत. एका कार्यकर्तीच्या आग्रहावरून त्यांनी फुलस्केप वह्यांत लिहायला सुरुवात केली. प्रकाशकानं दोन संच पाठवले होते. एक मूळ वह्यांची झेरॉक्स, दुसरा त्यांनी स्वतःच सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेला ‘शुद्ध’ संच. सोबत चिठ्ठी: मॅडम, आमची भाषा लई गावठी हाय, काही राहिलं असलं तर तेवढं शुद्ध करून द्या.

मी दोन्ही संच शेजारी ठेवून वाचले. मूळ वहीत एका पानावर असं आहे:

‘मालकाला ताप भरला. मुकादमानं खाडा धरला. म्या एकटीनं दिसभर तोडलं तर त्येनं अर्धा कोयता लिवला. म्या म्हनलं, अर्धा कसा, हात तर दोन हायेत मला.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मालक म्हणजे नवरा, मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून आणणारा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. कामावर न आल्याबद्दल जी रक्कम कापतात तो खाडा.

शुद्ध संचात त्याच जागी हे होतं:

‘पती आजारी असतानाही मला कामावर जावे लागत असे. अशा वेळी मजुरीत कपात केली जात असे व स्त्रियांच्या श्रमाला योग्य मोल दिले जात नसे.’

व्याकरणदृष्ट्या दुसऱ्या परिच्छेदात एकही चूक नाही. पण मुकादम कुठे गेला? मूळ वहीत तो ठसठशीत उभा आहे, खाडा धरतो आहे, वहीत लिहितो आहे. शुद्ध वाक्यात कपात ‘केली जाते’, मोल ‘दिले जात नाही’. करणारा आणि न देणारा दोघेही वाक्यातून उठून गेले. ती स्वतःही गेली. दोन हात दाखवून भांडणारी बाई जाऊन तिच्या जागी ‘स्त्रिया’ आल्या. आणि हे कोणा संपादकानं केलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं, रात्री कंदिलापाशी नाही तर चांगल्या बल्बखाली बसून, मन लावून केलं होतं, कारण छापील मराठी अशीच असते हे त्यांना ठाऊक होतं.

त्या ही मराठी शिकल्या कुठे? वर्तमानपत्रातून, सरकारी नोटिशीतून, रेडिओवरून. आपली बातमीची भाषाच अशी आहे. अतिक्रमण हटवण्यात आले. कारवाई करण्यात आली. मजुराचा मृत्यू झाला. दरवाढ लागू होणार. हटवणारा, करणारा, लागू करणारा वाक्यात येत नाही. उलट शुभारंभ, उद्घाटन, लोकार्पण असेल तर कर्ता पहिल्या ओळीत, पूर्ण नावानं, पदासकट. मी दैनिकात होते तेव्हाही ही वाटणी अशीच होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. नवीन आलेला मुलगा महिन्याभरात ती आपोआप शिकायचा.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या ८२ हजारांहून अधिक बायकांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. तेव्हाही ‘प्रमाण वाढले’, ‘प्रकार उघडकीस’ अशीच भाषा होती. प्रमाण जणू पावसासारखं वाढतं. फडात ना मोरी, ना संडास, ना पाणी. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा. दवाखान्यात गेलं तर पिशवी काढायचा सल्ला. या प्रत्येक वाक्याला एक कर्ता आहे. तो छापील वाक्यात क्वचितच आला.

मी त्या बाईंना फोन केला आणि म्हटलं, ताई, मला तुमच्या पहिल्या वह्याच छापायच्या आहेत असं प्रकाशकांना सांगायचंय. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, “लोक हसत्याल. पोरीच्या सासरी जाईल पुस्तक.” त्यांच्या भीतीला उत्तर देणं सोपं नव्हतं. लोक हसतात हे खरंच आहे. त्यांनी आयुष्यभर ते हसणं ऐकलंय, आणि मी शहरात बसून त्यांना ‘हसू द्या’ म्हणणं मला शोभलं नसतं. वर्चस्वाचं जे खरं बळ म्हणतात ते मला त्या फोनवर कळलं. ज्यानं अर्धा कोयता लिहिला त्याच्याशी त्या भांडल्या होत्या. ज्या भाषेनं त्यांना अर्धं केलं तिला मात्र त्या मान देत होत्या, आणि तो मान मनापासूनचा होता.

वर्तमानपत्रांचं अर्थकारण या सगळ्याला खालून आधार देतं, तेही सांगायला हवं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं असतं. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती येतात त्या नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला, कारखान्याच्या वार्षिक सभेला, दिवाळीच्या शुभेच्छांना. ज्या मुकादमाच्या, संचालकाच्या, संस्थाचालकाच्या जाहिरातीवर घर चालतं त्याच्याविषयी तो काय लिहिणार? धमकी द्यायचीही गरज पडत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर प्रचाराचा मजकूर बातमी म्हणून पैसे घेऊन छापल्याचं उघड झालं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी त्याची चौकशी करून नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला. २०१० मध्ये कौन्सिलनं त्याचा संक्षेप तेवढा स्वीकारला, आणि मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. दुसऱ्यांची गुपितं फोडणाऱ्या धंद्यानं स्वतःची यादी दडवली.

आणि न्यूजरूममध्ये कोण बसतं? २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्रीच्या पाहणीत हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या १२१ प्रमुख पदांपैकी १०६ उच्चजातीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींतला एकही नव्हता. मराठीतलं चित्र थोडं वेगळं आहे. इथे बहुजन समाजातले संपादक आणि मालक आले आहेत, राजकारणातली आणि सहकारातली घराणी माध्यमांत आली आहेत. म्हणून मला वाटतं, नुसती माणसं बदलल्यानं पुरत नाही. ज्या शेतकऱ्यांच्या बाजूनं फुल्यांनी लिहिलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी कारखाने काढले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकाराचा जो पाया घातला तो खरोखर मोठा होता. पण फडातल्या माणसाला त्या सहकारात सभासदत्व नव्हतं. गव्हाणीपाशी उभं राहून फोटो काढून घेणारे बदलले. फोटोची रीत बदलली नाही.

खैरलांजी आठवते. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे या दलित कुटुंबातली चार माणसं जमावानं मारली. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधाचा सूर होता. तीनच दिवसांनी, दसऱ्याला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षाचा सोहळा होता, लाखो माणसं जमली होती, आणि भंडारा तिथून हाकेच्या अंतरावर. तरी महिनाभर ही महाराष्ट्राची बातमी झाली नाही. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ती झाली, आणि मग मथळ्यांत मुख्य जागा मिळाली ती जाळपोळीला. पुढे न्यायालयानं आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. पहिल्या दिवसांत जी चौकट बसली होती, ती पुढे किती लांबवर पुरली याचा मी अजूनही विचार करते.

हल्ली लोक म्हणतात, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, जुनी मक्तेदारी संपली. अर्धं खरं आहे. फडातल्या पोरी रील बनवतात, मोळी डोक्यावर घेऊन फळी चढताना स्वतःचा व्हिडिओ काढतात, आणि तो लाखो लोक पाहतात. बघणारे ‘कष्टाळू ताईंना सलाम’ लिहितात. खाडा किती कापला ते त्या व्हिडिओत विचारत नाहीत. आणि नेत्याचा फोटो टाकायला पगारी मुलं बसवलेली असतात. तरी मी या पोरींच्या बाजूनं आहे. कॅमेरा त्यांनी स्वतः धरला आहे, हे लहान नाही.

आमच्या पुस्तकाचं पुढे असं झालं. ताई लेकीला घेऊन पुण्याला आल्या. लेक बी.एस्सी. करते. आम्ही दोन्ही पानं तिला वाचायला दिली. तिनं वाचली आणि आईला विचारलं, “आई, ह्या दुसऱ्यात मुकादम कुठंय? तो काय आपला पाव्हणा लागतो काय, त्याला झाकायला?” त्यानंतर शुद्ध संच पिशवीत गेला तो बाहेर आला नाही. लेखनाचे नियम आम्ही पाळले, म्हणजे एकच शब्द पूर्ण पुस्तकात एकाच प्रकारे लिहिला. रूपं त्यांची. ‘म्या’ आणि ‘त्येनं’ तसंच. निवेदनही त्याच भाषेत.

मागे शब्दार्थांची यादी द्यायची की नाही यावर प्रकाशकांशी थोडा वाद झाला. ताईंचं म्हणणं यादी नको. ज्याला कोप, वाढं, पाचट कळत नाही त्यानं कोणाला तरी विचारावं. त्यांनीही ‘अग्निप्रदीपन’ विचारूनच शिकलं होतं. ते मान्य झालं.

खरा वाद झाला तो तारखेवर. प्रकाशकांना पुस्तक जानेवारीत काढायचं होतं. तेव्हा पुस्तक प्रदर्शनं भरतात, परीक्षणं येतात, ग्रंथालयांची खरेदी होते. ताई म्हणाल्या, जानेवारीत आमच्या गावात म्हातारी माणसं आन् कुलपं राहत्यात. टोळ्या सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात गेलेल्या असतात. ज्या बायांची नावं पुस्तकात आहेत त्यांच्या हातात ते पडायचं तर गाड्या भरायच्या आधी पडायला हवं. प्रकाशकांनी एका हंगामाच्या विक्रीचा हिशेब मांडला, परीक्षणांचा मांडला. त्या ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, आणि प्रत्येक वेळी तीच तारीख सांगत होत्या. शेवटी छपाई सप्टेंबरमध्ये घ्यायची ठरली. पेज प्रूफं आता माझ्याकडे आहेत, आणि पहिल्या शंभर प्रती दसऱ्याआधी गावी पोचायच्या आहेत.